जोड कोण?

सयाजी रोडगे यांना दोन आवाज होते, एक ऑफिसचा आणि एक मैदानाचा. ऑफिसचा आवाज इतका बारीक, की शेजारच्या टेबलावर बसून बावीस वर्षांत मला त्यांची निम्मी वाक्यं दोनदा विचारावी लागली. मैदानाचा आवाज मात्र करमाळ्यापासून दुधनीपर्यंत कुस्तीच्या शौकिनांना पाठ होता. यात्रेत आखाड्याच्या कडेला माइक धरून गरजणारा माणूस आणि आमच्याकडचा स्टेपलरच्या पिना मागायलाही लाजणारा माणूस एकच, हे मला बरेच दिवस पटलं नव्हतं.

आम्ही दोघं चंद्रमौळी दूध संघाच्या सोलापूरच्या मुख्य कार्यालयात. ते सभा विभागाचे लिपिक, मी टायपिंग आणि आवक-जावक. संघाची वार्षिक सभा आली की विषयपत्रिका मी टाइप करायची आणि सभेत ती रोडग्यांनी वाचायची, अशी आमची वाटणी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात टाइप करणारीचाही हात होता. तो मी एकदा लपवला. पुन्हा लपवणार नाही.

कुस्तीचं मला प्रेम नाही. मातीत लोळणाऱ्या दोन माणसांकडे बघायला लोक शेत टाकून का येतात, हे मला कधी कळलं नाही. पण संघाच्या संस्थापकांच्या स्मृतिदिनाला संघाचंच मैदान भरतं आणि स्टाफला हजेरी लावावी लागते. तीन वर्षांपूर्वी गेले होते. भीमा नावाच्या पैलवानानं चार मिनिटांत समोरच्याला अस्मान दाखवलं आणि अकरा लाख रुपये आणि चांदीची गदा घेऊन गेला. माझ्या शेजारी एक दूधवाले बसले होते. दोन वेळचं मिळून बारा लिटर दूध घालणारा माणूस, पण खिशातली शंभराची नोट काढून तीही भीमाला देऊन आला. मी म्हटलं, "अहो, ते अकरा लाख संघाचे, म्हणजे तुमच्याच दुधाचे. काहीच वाटत नाही?" त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. म्हणाले, "पाडला की त्यानं. समद्यांच्या म्होरं पाडला."

नव्या पेठेत माझ्या दिरांचं कापडाचं दुकान आहे. क्रिकेटच्या लिलावाच्या दिवसांत तिथं गिऱ्हाईक बाजूला राहतं. कोणता पोरगा किती कोटींना गेला, हे दीर अशा थाटात सांगतात की पोरगा त्यांच्याच घरचा असावा. त्याच पेपरच्या पुढच्या पानावर कुठल्याशा कंपनीच्या साहेबाचा पगार छापलेला असला की तेच तोंड कडू होतं. "लुटारू आहेत एकेक," म्हणतात. आणि मी काही वेगळी होते असं नाही, मीही मान डोलावत असे.

रोडग्यांच्या मैदानाच्या कामात एक नियम होता. पैलवान आखाड्यात आला की आधी त्याचं नाव, मग गाव आणि शेवटी इनामाचा आकडा पुकारायचा. आकडा पुकारल्याशिवाय कुणी अंगाला माती लावायची नाही. ज्याचा प्रतिस्पर्धी ठरलेला नसेल त्याला हात वर करून आखाड्यात फिरवायचं आणि विचारायचं, "जोड कोण?" म्हणजे याच्याशी लढायला कोण तयार आहे. गर्दीतून कुणीतरी "मी हाय" म्हणून उठायचा आणि कुस्ती लागायची. पाडला तर सगळं इनाम. बरोबरीत सुटली तर निम्मं निम्मं. आणि दोघं नुसते हात झटकत वेळ काढायला लागले तर पंच दोघांना बाहेर काढणार, इनाम नाही. तीस वर्षं हेच शब्द ह्याच क्रमानं म्हणून ते रोडग्यांच्या जिभेला घट्ट बसले होते.

आमचे कार्यकारी संचालक आशिष सबनीस पुण्याचे. त्यांना आम्ही मागं काय काय म्हणायचो ते जाऊ दे, पण माणूस कामाचा होता हे कबूल केलं पाहिजे. ते येण्याआधी गावांचं दुधाचं पेमेंट दोन-दोन महिने रखडायचं. त्यांनी ते दर दहा दिवसांनी खात्यात जमा करायला लावलं. टँकरमध्ये पाणी मिसळणारी टोळी मोडली, तेव्हा त्यांच्या गाडीच्या काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी ते रिक्षानं ऑफिसला आले आणि त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

ऑगस्टच्या शेवटी त्यांनी आम्हां दोघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर सभेच्या विषयांची यादी होती. आठवा विषय, मैदानाचं इनाम अकरा लाखांवरून पंधरा लाख करणे. नववा विषय, कार्यकारी संचालकांचा मोबदला. त्यांचा तेव्हाचा पगार महिन्याला पावणेतीन लाख होता आणि ते सहा मागत होते.

"मागच्या वर्षी हा विषय नुसता निघाला, तर लोकांनी खुर्च्या उचलल्या," साहेब म्हणाले. "आणि आठव्या विषयाला तेच लोक टाळ्या वाजवणार. चार मिनिटांना पंधरा लाख. मी तीन वर्षं रोज बारा तास इथं बसतोय. पुण्याची एक डेअरी मला सात द्यायला तयार आहे, मी सहा मागतोय. रोडगे, तुम्ही दोन्हीकडे असता. मला खरंच समजून घ्यायचंय. त्याला टाळ्या आणि मला शिव्या, असं का?"

साहेब चिडून विचारत नव्हते. त्यांना ते खरोखर लागलं होतं, आणि मला त्या क्षणी त्यांचं म्हणणं पटलंही.

रोडगे खाली बघत म्हणाले, "मला न्हाई सांगता यायचं, साहेब."

"मग एक काम करा. आठवा विषय झाला की लोक मंजूर-मंजूर करत उठतील. तो आवाज खाली बसायच्या आत नववा वाचायचा, तुमच्या मैदानातल्या आवाजात. त्या आवाजाला लोक नाही म्हणत नाहीत. आकडा वाचायचा नाही. 'परिशिष्ट क प्रमाणे' एवढंच म्हणायचं."

साहेबांनी ड्रॉवर उघडून एक फाइल टेबलावर ठेवली. मी ती ओळखली. गेल्या चार वर्षांत रोडगे एकतीस दिवस 'बाहेरील काम' असा शेरा मारून मैदानांना गेले होते. जुन्या अध्यक्षांनी तोंडी सांगितलं होतं, जा रे, संघाचं नाव होतंय. कागद कुठंच नव्हता आणि जुने अध्यक्ष आता हयात नव्हते.

"ही मी काढलेली नाही, ऑडिटमध्ये निघाली," साहेब म्हणाले. "चौकशी लागली तर बडतर्फी होऊ शकते. तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. ग्रॅच्युइटीवरही गदा येईल. मी ही फाइल बंद करू शकतो."

"वाचतो," रोडगे ऑफिसच्या आवाजात म्हणाले. साहेबांना ऐकू आलं नाही. त्यांनी मान पुढे केली, तेव्हा रोडगे पुन्हा म्हणाले, "वाचतो, साहेब."

आता माझा भाग. परिशिष्ट क मी टाइप केलं, एकच पान. साहेबांनी ते घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "हे नोटिशीला जोडायची गरज नाही. कुणाला बघायचं असेल त्यांनी ऑफिसमध्ये येऊन बघावं." चार हजार सभासदांना त्या पानाशिवाय नोटिसा गेल्या. पाकिटं मी चिकटवली. कुणी मला फाइल दाखवली नव्हती की धमकावलं नव्हतं. मी नुसतं "बरं" म्हटलं होतं.

सभेच्या आधीच्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत रोडग्यांनी माझ्यासमोर वाचून बघितलं. दार लावून, हळू, पण मैदानाच्या ठेक्यात. "विषय क्रमांक नऊ, कार्यकारी संचालक श्री. आशिष सबनीस यांच्या मोबदल्यास..." इथं ते अडखळायचे. चारदा वाचलं, चारही वेळा तिथंच पाय अडकला.

"काय होतंय?" मी विचारलं.

"नावाच्या म्होरं आकडा येतोय, ताई. जीभ तितं थांबतीया."

"मग तिथं श्वास घ्या आणि 'परिशिष्ट क' म्हणा."

त्यांनी पाचव्यांदा वाचलं आणि जमलं. त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मला राग आला. साहेबांचा की रोडग्यांचा, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. डब्यातली भाजी मी तशीच परत नेली.

सभा अक्कलकोट रोडवरच्या मंगल कार्यालयात होती. सप्टेंबरचा शेवटचा रविवार, पंखे फिरत होते पण वारा लागत नव्हता. दीड हजार माणूस आलं होतं. व्यासपीठावर मध्ये अध्यक्ष, शेजारी साहेब, कडेला माइकपाशी रोडगे, आणि खाली बाजूच्या टेबलावर वृत्तांत टिपायला मी. बायकांच्या दुसऱ्या रांगेत चंद्रव्वा बसली होती. दुधनीच्या बाजूची, सत्तरीची, दोन म्हशींची मालकीण. ती एकही सभा चुकवत नाही, आणि शेवटच्या दुधाची पावती पदराच्या गाठीत बांधून आणते. घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलते, घाईत असली की दोन्हीची खिचडी होते.

पहिले सात विषय नेहमीसारखे गेले. आठव्याला रोडग्यांनी आवाज चढवला. "मैदानाचं इनाम अकरा लाखांवरून पंधरा लाख!" सगळा हॉल उठला. टाळ्या, शिट्ट्या, मंजूर, मंजूर. साहेबांनी रोडग्यांकडे बघून अगदी थोडी मान हलवली.

"विषय क्रमांक नऊ," रोडगे गरजले, आणि हॉल त्या आवाजाच्या मागं आला. "कार्यकारी संचालक, श्री. आशिष सबनीस..."

मी पेन थांबवलं. त्यांनी श्वास घेतला. मीच सांगितलेल्या जागी, मीच सांगितला तसा. आणि त्या श्वासातून तीस वर्षांचं पाठांतर बाहेर पडलं.

"गाव पुणे. इनाम महिन्याला सहा लाख रुपये. जोड कोण?"

मागं दोघं-तिघं हसले. मग कुणीच हसेना. रोडग्यांचा चेहरा मला दिसत होता. आपण काय बोललो हे त्यांना एका क्षणानंतर कळलं, आणि ओठावर हात गेला. शूर माणसाचा चेहरा तसा नसतो. पुढे लोकांनी काय काय म्हटलं तरी मी ते बघितलंय, ती चूक होती. साहेब पांढरे पडले होते.

"मी हाय की," चंद्रव्वा उठत म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठायला तिला वेळ लागला. तिनं व्यासपीठाकडे बघून कानडीत विचारलं, "बिद्र एष्टु?"

मैदानात कुणी मागून काही विचारलं की ते माइकवरून सगळ्यांना सांगणं हे निवेदकाचं काम. कर्नाटकातले पैलवान येतात म्हणून रोडग्यांना कानडी कळायचं. ते अजून भानावर नव्हते. त्यांनी सवयीनं सांगितलं, "चंद्रव्वा विचारत्यात, पडला तर किती?"

साहेबांनी समोरचा माइक ओढला. "पडायचा प्रश्न येतो कुठं? मी काय कुस्ती खेळतोय?"

"खेळत न्हाई तर मग इनाम कशाचं, साहेब?" चंद्रव्वा मराठीवर आली. तिचा आवाज वाढला नव्हता. तिनं पदराची गाठ सोडून पावती काढली. "माजी म्हस आटली की माजं पैसं आटत्यात. फॅट पडला की दर पडतोय, हितं लिवलंय. तुमी काम चांगलं केलं, मी न्हाई म्हनत न्हाई. तुमाला सा लाख का धा लाख, ते बी मी म्हनत न्हाई. संघ पडला तर तुमचं किती पडतंय, तेवढं सांगा की."

साहेब खोटं बोलले असते तर निभावलं असतं, पण ते खोटं बोलले नाहीत, हेही मी लिहून ठेवते. म्हणाले, "करारात तशी तरतूद नाही."

मागच्या रांगांना ते ऐकू गेलं नाही. "काय म्हनलं?" असा ओरडा आला. आणि रोडग्यांनी, देवा, तेही सांगितलं. "पडलं तरी सहा लाख."

मग खुर्च्या सरकल्या. पुढच्या रांगेतली माणसं व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आली, एकानं साहेबांच्या समोरची पाण्याची बाटली भिरकावली. अध्यक्षांनी उभं राहून विषय तहकूब झाल्याचं जाहीर केलं आणि साहेबांना मागच्या दारानं नेलं. रोडगे माइक धरून तिथंच उभे होते. मी वर जाऊन तो त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

सोमवारी मेमो मी टाइप केला. हेतुपुरस्सर सभेची दिशाभूल, वरिष्ठांचा जाहीर अवमान, शिवाय ते एकतीस दिवस. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. संध्याकाळी अध्यक्षांचा निरोप आला, खुलाशात 'अनवधानाने' हा एकच शब्द लिहा, समज देऊन प्रकरण मिटवतो. म्हणजे सुटायची वाट उघडी होती, आणि तो शब्द खराही होता.

मला वाटलं रोडगे सुटले. पण त्या आठवड्यात ऑफिसात माणसं यायला लागली. कुणी फेटा घेऊन, कुणी नारळ, कुणी नुसतं हात हातात घ्यायला. सभेचा व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर फिरत होता. एकजण तर पाया पडला. म्हणाला, "साहेबाच्या तोंडावर आकडा फेकायला छाती लागती, अण्णा." रोडगे पाय मागं घेत भिंतीला टेकले. तो गेल्यावर मला म्हणाले, "ताई, मी न्हाई हो केलं ते. जीभ घसरली."

"मला माहीत आहे. तेच लिहा."

"आन् मी वाचतो म्हनलो हुतो, त्याचं काय करू?"

"ते कुणी विचारलंय?"

त्यांनी फेटे टेबलाखालच्या खोक्यात ठेवले, एकही घरी नेला नाही.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी हातानं लिहिलेला कागद माझ्यापुढं ठेवला. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. मी वाचला.

'सभेत मी आकडा उच्चारला व जोड विचारली, हे अनवधानाने घडले. त्यात माझे धाडस काही नाही. त्यापूर्वी सभासदांपासून आकडा लपवण्यास मी साहेबांच्या केबिनमध्ये होकार दिला होता. तो मात्र पूर्ण शुद्धीत व नोकरी वाचवण्यासाठी दिला. कारवाई करावयाची असल्यास त्या कृत्याबद्दल करावी.'

मी पुन्हा वाचला. केबिनमध्ये तीन माणसं होती. कागदावर दोनच होती. परिशिष्ट टाइप करणारी, पाकिटं चिकटवणारी, श्वास कुठं घ्यायचा ते शिकवणारी कुठंच नव्हती.

"रोडगे, पहिलं वाक्य ठेवा," मी म्हटलं. "बाकीचं फाडून टाका. तुमच्या पाया पडते."

"पहिलं एकटं ठेवलं तर ते खोटं हुतंय, ताई."

"चौदा महिने राहिलेत. वहिनींचा तरी विचार करा."

"तिला वाचून दाखवलंय. आवक नंबर टाका."

आवक नंबर पडला की कागद ऑफिसचा होतो, मग तो कुणाला मागं घेता येत नाही. शिक्का माझ्या हातात होता. मी तो पॅडवर टेकवला आणि धरून ठेवला, शाई जास्त लागली. रोडगे उभेच होते. शेवटी मी शिक्का मारला, नंबर घातला आणि रजिस्टरमध्ये ओळ लिहिली. माझं नाव कागदावर घालायला मी तेव्हाही सांगू शकत होते. नाही सांगितलं.

अर्ध्या तासात साहेबांनी बोलावलं. कागद त्यांच्या हातात होता. "हे मागे घ्या, रोडगे. दोघांचंही नुकसान आहे यात."

"आवक नंबर पडलाय, साहेब," रोडगे म्हणाले. ह्या खेपेला साहेबांना पहिल्या वेळेतच ऐकू आलं.

दसऱ्याच्या आधी त्यांना निलंबित केलं. चौकशी अजून चालू आहे. आणि साहेब नोव्हेंबरात पुण्याला सात लाखांवर गेले. त्यानंतरची गोष्ट लोक एवढ्या उत्साहानं सांगत नाहीत. डिसेंबर उजाडेपर्यंत पेमेंट दहाचं पंधरा दिवसांवर गेलं, मग बावीसवर. फेटा घेऊन आलेल्यांपैकीच काहीजण ऑफिसच्या जिन्यात म्हणायला लागले, की रोडग्याला काय गरज होती तोंड उघडायची, चांगला साहेब घालवला. मी त्यांना वर बोलावून चार शब्द सुनावले असते, पण मला कुठल्या तोंडानं बोलायचं हा प्रश्न होता.

मार्गशीर्षात रोडग्यांच्या गावची यात्रा आली. त्यांच्या बायकोचा, सारजाबाईंचा, फोन आला. "कमिटीचं दोन दिवस भांडान चाललं हुतं, ह्यास्नी माइक द्यायचा का न्हाई. दिला येकदाचा. पन ह्ये म्हनत्यात, आखाड्यात पयलं माजंच नाव पुकारनार. मला धसका बसलाय, ताई. तुमी या."

मी करमाळ्यापर्यंत एसटीनं आणि पुढे वडाप जीपनं गेले. मैदान ओढ्याकडेच्या पडीक रानात होतं. बायका एका अंगाला बांधावर बसल्या होत्या, सारजाबाईंनी मला शेजारी जागा केली. हलगी कडकडत होती. गर्दीत संघाचे दूधवाले पुष्कळ दिसत होते, आणि त्यांचे चेहरे काही यात्रेला आल्यासारखे नव्हते. एक टोळकं तर पायातलं हातात घेऊन उभं होतं.

रोडगे आखाड्यात उतरले आणि त्यांनी हात वर केला. हलगी थांबली.

"नाव सयाजी रोडगे. गाव हेच," त्यांचा तो आवाज ओढ्याच्या पलीकडं जाऊन परत आला. "सध्या निलंबित. तुमी मला शूर म्हनलासा, ते खोटं हाय. साहेबाच्या पगाराचा आकडा तुमच्यापासनं लपवायला मी तयार झालो हुतो. का, तर नोकरीचे चौदा महिने. तेच माजं इनाम. जीभ घसरली म्हनून तुमाला कळलं." ते थांबले. त्यांनी हात वर धरून आखाड्याला एक फेरी मारली, बिनजोडीच्या पैलवानाला फिरवतात तशी, सगळ्यांना दिसेल अशी. "जोड कोण?"

टोळक्यातल्या एकानं हातातली चप्पल या हातातून त्या हातात घेतली. सारजाबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, नखं लागत होती. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

"मी आहे," मी म्हटलं आणि उठले.

माझा आवाज काही लांब गेला नसावा. पण बायकांच्या बाजूनं कुणी उठलंय म्हटल्यावर माणसं वळली. मी बांध उतरले. चप्पल आखाड्याच्या कडेला काढली, ते बघून बघून मला माहीत होतं. माती मऊ होती, पाय घोट्यापर्यंत रुतला. रोडगे माझ्याकडे बघत राहिले. मान नाही नाही अशी हलवत होते.

"पुकारा," मी म्हटलं.

"ताई, जावा माघारी. तुमची अजून नऊ वर्सं हायती."

"तुमचा नियम आहे ना. पुकारा."

त्यांनी माइक वर घेतला. "नाव, प्रेमलाताई," ते म्हणाले. "गाव सोलापूर. आकड्याचा कागद..." ते माझ्याकडे बघून थांबले.

"मी टाइप केला," मी म्हटलं. "आणि जोडला नाही. सांगा त्यांना."

त्यांनी सांगितलं. मग ते पुन्हा थांबले, नेहमीच्या त्या जागी. चार हजार माणसं ऐकत होती, आणि त्यांतल्या कित्येकांची पाकिटं मी स्वतः चिकटवलेली होती.

"इनाम?" त्यांनी माइक बाजूला धरून ऑफिसच्या आवाजात विचारलं. मला ते पहिल्या वेळेतच ऐकू आलं.

"महिन्याला एक्केचाळीस हजार," मी म्हटलं. "अजून चालू आहे."

रोडग्यांनी माइक तोंडाशी नेला आणि तो आकडा सगळ्या मैदानाला पुकारून सांगितला.